काम करण्याआधीचा माणूस

झेलमच्या काठी, कडाक्याच्या थंडीत, दोन भावंडं रात्री वाळूत खड्डा खणायची, त्यात उतरायची आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. दुसरं पांघरूण नव्हतं. भावाचं नाव श्रीनिवास, बहिणीचं रमा. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. आई गेली तेव्हा खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत. रमेला स्वतः तिरडी उचलावी लागली. उंची पुरेना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. ही रमा म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाई. त्यांनी आपल्या आठवणींत यातलं पुष्कळ सांगून ठेवलं आहे, तेही दयेची याचना न करता.

१८७८ साली ही दोघं हिंडत हिंडत कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकलं, परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ म्हटलं, ‘सरस्वती’ ही पदवी दिली. सभा, सत्कार, वर्तमानपत्रांतली वर्णनं सुरू झाली. मग १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं आणि अनेकांच्या नजरेतून ती उतरली. १८८२ मध्ये पटकीने नवराही गेला. कडेवर लेक मनोरमा आणि कपाळी वैधव्य. त्या काळी विधवेच्या वाट्याला काय यायचं, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

वाळूत झोपणारी रमा, सभेतली सरस्वती आणि मूल कडेवर घेतलेली विधवा ही एकच बाई. तिची बुद्धी तीच, स्वभाव तोच. पाच-सहा वर्षांत समाजाने मात्र तिचा भाव तीनदा बदलला. माझ्या मते ‘मी कोण’ आणि ‘माझी किंमत किती’ हे प्रश्न रमाबाईंसमोर पुस्तकातून आलेच नाहीत. ते त्यांच्या अंगावरून गेले होते. म्हणूनच इंग्लंडमध्ये फुलहॅमला त्यांनी जे पाहिलं, ते त्यांना इतकं खोल भिडलं.

१८८३ साली रमाबाई वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात राहायला गेल्या. त्या भगिनींचं एक घर लंडनजवळ फुलहॅमला होतं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत. रमाबाईंनी पाहिलं, की त्यांतल्या काही जणी आता स्वतःच दुसऱ्यांची, आजाऱ्यांची सेवा करत होत्या. अशा स्त्रियांना कोणी जवळ घेतं, हे त्यांना नवं होतं. असं का करता, असं त्यांनी एका भगिनीला विचारलं. तिने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली शोमरोनी स्त्री, परक्या जमातीची, पाच नवरे झालेली. थकून बसलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी उपासनेसारख्या गहन विषयावर बोलतो. शिष्य परत येतात आणि अवाक होतात.

त्या कथेत एक गोष्ट मला नेहमी थांबवते. येशू तिचं सगळं आयुष्य ओळखून आहे आणि ते तिच्यासमोर मांडतोही. लपवाछपवी करत नाही, पाप गोड करून सांगत नाही. पण तिच्याशी बोलण्यासाठी तिने आधी सुधारलेलं असावं, अशी अट तो घालत नाही. तिचं बदलणं नंतर आलं. त्याचं तिच्याजवळ बसणं त्याच्या आधीचं होतं.

माणसाला ही किंमत येते कुठून, याचं पवित्र शास्त्राचं उत्तर पहिल्याच अध्यायात आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव मनुष्याला आपल्या प्रतिरूपात घडवतो, नर आणि नारी असं दोघांनाही. आज हे वाक्य आपण सहज वाचून जातो. पण प्राचीन मिसर आणि मेसोपोटेमियात देवाचं प्रतिरूप म्हणवून घेण्याचा मान राजाचा होता. फारो हा देवाची मूर्ती. विटा थापणारा गुलाम कोणाचीच मूर्ती नव्हता. इस्राएलाच्या शास्त्राने तो राजाचा मान उचलून सगळ्या मनुष्यजातीला दिला. त्यात वंश सांगितला नाही, जात नाही, धडधाकट शरीराची अट नाही. जो कोणी माणूस म्हणून जन्मला, त्याच्यावर ती मुद्रा आहे.

कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच टाकणाऱ्यांना येशूने नाणं दाखवायला सांगितलं आणि त्यावर मुखवटा कोणाचा आहे ते विचारलं. कैसराचा आहे, तर कैसराचं कैसराला द्या आणि देवाचं देवाला. पुढचा प्रश्न त्याने ऐकणाऱ्यांच्या मनावर सोडला आणि पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांनी तो ओळखला: मग देवाचा मुखवटा कशावर आहे? नाणं मळलं, झिजलं, कोनाड्यात पडून राहिलं, तरी त्याचा मालक बदलत नाही. माणूस कोणाचा, हे त्याच्या गुणपत्रिकेवरून, पगाराच्या चिठ्ठीवरून किंवा त्याच्या चुकांच्या यादीवरून ठरत नाही.

आता केडगावकडे येतो. हा विचार रमाबाईंनी ग्रंथात ठेवला नाही. भारतात परतल्यावर पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात, ‘मुक्ती’ या आपल्या आश्रमात, त्यांनी त्याला भिंती आणि छप्पर दिलं.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्यांनी त्यांना स्वतःची भूक आठवली. त्या स्वतः तिथे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायची आणि त्यावर मजुरी मिळवायची, अशी रीत होती. हाडांचे सापळे झालेल्या पोरी फिरत होत्या आणि मदतछावण्यांच्या आसपास त्यांच्यावर डोळा ठेवून असणारी माणसंही फिरत होती. रमाबाई सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा धुमाकूळ होता. इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींना शिकवलं गेलं. विणकाम, शेती, दुभती जनावरं, तेलाची घाणी, शिवण, धुलाई, छापखाना. त्यांनी खिळे जुळवले, कागद चढवले, पुस्तकं बांधली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या आणि त्याची छपाई या मुलींच्या हातून होत होती. काल जिला कोणी उष्टं घातलं नव्हतं, तिच्या बोटांतून आता उत्पत्तीचा पहिला अध्याय कागदावर उतरत होता. मला मुक्तीच्या साऱ्या इतिहासात याहून मोठी घटना दिसत नाही.

पण इथेच जरा थांबायला हवं. कारण फक्त एवढंच सांगितलं, तर मुक्ती ही एक चांगली उद्योगशाळा ठरते, जिथे निकामी ठरलेल्या मुलींना कामाचं बनवलं. तसं असतं तर जगाचंच मोजमाप रमाबाईंनी स्वीकारलं असतं: हात चालतात, म्हणून माणूस मोलाचा. मुक्तीत आणखीही घरं होती. प्रीती सदन होतं, म्हाताऱ्या आणि दुबळ्या स्त्रियांसाठी. कृपा सदन होतं, फुलहॅमच्या घराची आठवण देणारं. अंधांसाठी बार्तीमी सदन होतं. प्रीती सदनातल्या एखाद्या जराजर्जर बाईकडून छापखान्याला काय मिळणार होतं? काही नाही. तिचं घर तरीही बांधलं गेलं, आणि त्याच आवारात बांधलं गेलं.

बार्तीमी सदनाचं नाव ज्याच्यावरून आलं, तो बार्तीमय हा यरीहोच्या वाटेवर बसणारा आंधळा भिकारी. येशू जातोय हे कळताच तो ओरडू लागला आणि लोकांनी त्याला दटावून गप्प करायला पाहिलं. येशू थांबला, त्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार, हे कोणालाही कळलं असतं. तरीही विचारलं. भिकाऱ्याला पैसा टाकताना आपण त्याची इच्छा विचारत नाही. इच्छा ज्याला आपण माणूस मानतो त्याची विचारायची असते.

ख्रिस्ती विश्वासात किंमत आणि काम यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला की सगळंच बिघडतं. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी आली, की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. ही वाणी केव्हा आली, ते पाहा. तोवर त्याने एकही रोगी बरा केला नव्हता. डोंगरावरचं प्रवचन व्हायचं होतं, शिष्य जमायचे होते, वधस्तंभ तर फार पुढे होता. नासरेथच्या एका सुतारकाम करणाऱ्या तरुणाला, कामाला लागण्याआधी, पित्याने आपलं म्हटलं. लगेच पुढच्या अध्यायात अरण्यात सैतान येतो आणि नेमकं तिथेच बोट ठेवतो: तू खरंच पुत्र असलास तर या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. सिद्ध कर. चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाला भाकरीचा मोह पडणं स्वाभाविक आहे, पण मोहाचा खरा काटा ‘सिद्ध कर’ या मागणीत आहे. येशूने ते नाकारलं. मग तो गालीलात गेला आणि अपार काम केलं. पुत्र होण्यासाठी त्याला ते करावं लागलं नाही. पुत्र होता, म्हणून त्याने ते केलं.

पौल इफिसकरांना लिहितो तेव्हा त्याचाही क्रम हाच आहे. कृपेने तारण, कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणी फुशारकी मारू नये. आणि लगेच पुढे, की आपण सत्कृत्यांसाठी घडवलेले आहोत. कृत्यं टाकून दिलेली नाहीत, त्यांची जागा ठरवून दिली आहे. आयुष्याला हेतू आहे आणि तो मोठा आहे. पण तो हेतू माणसाची पात्रता-परीक्षा नाही.

हे लिहिताना आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडेही पाहावं लागतं. प्रतिरूपाच्या शिकवणीवर दर रविवारी मान डोलावणाऱ्या आपल्यातच लग्नाची बोलणी निघाली की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न दबक्या आवाजात अजून विचारला जातो. पहिल्या बाकावर कोण बसणार, कमिटीवर कोण येणार, हे देणगीच्या पावतीवरून ठरताना दिसतं. मतिमंद मूल असलेलं एखादं कुटुंब उपासनेत मागच्या दाराजवळ बसतं, मूल ओरडलं तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून, आणि त्यांना पुढे बोलवायला कोणी उठत नाही. हा आचार आपल्या विश्वासाशी प्रतारणा आहे. यापेक्षा सौम्य शब्द मला वापरावासा वाटत नाही.

आणि आपल्या घरांत? निवृत्त झालेल्या वडिलांना पहिल्या महिन्यातच आपण घरात अडगळ आहोत असं वाटू लागतं. नोकरी सुटलेला मुलगा नातेवाइकांच्या लग्नाला यायचं टाळतो. अंथरुणाला खिळलेली आई दिवसातून दहादा म्हणते, देवा, आता उचल, सगळ्यांना भार झाले. तिला भार वाटतो, कारण आपण सगळ्यांनी मिळून तिला आयुष्यभर हेच शिकवलं, की उपयोगी असेल तोवर माणूस. तिचं मागणं बदलायचं असेल तर ‘असं बोलू नकोस गं’ एवढं म्हणून भागणार नाही. तिच्या खाटेशी बसावं लागेल, कामाशिवाय.

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस दरवर्षी येतात आणि त्या दिवसांत काही घरांत काय घडतं, ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. चांगले गुण मिळाल्यावर मुलाला पोटाशी धरणं सगळ्यांना जमतं. कमी गुण मिळाल्यावर, ‘तरी तू आमचाच आहेस’ असं म्हणणंही पुष्कळ आईबापांना जमतं, पण त्यातला ‘तरी’ त्या मुलाला ऐकू येतो. यार्देनेवरची वाणी कामाच्या आधी आली होती. तुमच्या घरात यंदा निकाल असेल तर निकाल लागण्याच्या आदल्या दिवशी मुलाला जवळ घ्या आणि तो तुमचा आहे, तुम्ही त्याच्यावर संतुष्ट आहात, हे त्याला सांगा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.