झाकलेला गारवा

महाडचा उन्हाळा ज्याने सोसलेला नाही, त्याला माझ्या विद्यार्थ्याची हौस कळायची नाही. चहूकडे डोंगर, मध्ये बशीसारखे गाव. वैशाखात वारा जणू वाटच चुकतो. हा विद्यार्थी औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याने बिरवाडीला घर बांधले आणि वास्तुशांतीला मला आग्रहाने बोलावले.

दिवाणखान्यात पाऊल टाकले तो अंगावर शहारा यावा असा गारवा! यंत्र मात्र कुठेच दिसेना. "सर, ओळखा पाहू!" म्हणत त्याने अखेर सागवानी जाळीकडे बोट दाखवले. मोर, वेली, मधोमध कमळ. आणि कमळामागे एसी. "ते पांढरं खोकं भिंतीवर बरं दिसत नाही," त्याची बायको म्हणाली.

झाकणे म्हणजे खोटे बोलणे का? मला तसे वाटत नाही. मोरी आपण मागल्या अंगाला ठेवतो, फाटक्या गादीवर पलंगपोस घालतो. आल्यागेल्याला सुख दाखवावे, सुखाचे सांधे कशाला? जाळी फार दाट असली तर गार हवा तिच्यावर आपटून मागे फिरते, आणि खोली थंड झाली असे समजून यंत्र लवकर थांबते. म्हणजे फसलेच तर ते बिचारे यंत्र!

हात धुवायला मागल्या दारी गेलो, तेव्हा मात्र गोंधळलो. यंत्राचे दुसरे अंग तिथे घरघरत होते. त्याला ना मोर, ना कमळ. गारवा काही निर्माण होत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकायची, वर खर्चलेल्या विजेची भर. ती सारी धग समोरच्या पत्र्याच्या खोलीवर जात होती. तिथल्या बाईने बाळाची झोळी पलीकडच्या कोपऱ्यात बांधली होती.

कुरूप ते आपण झाकतो; जाचक ते उघडेच असते, फक्त आपल्या पाठीमागे. विद्यार्थ्याला हे सांगावे म्हणून वळलो, पण जीभ रेटेना. माझ्याही घराचे तसलेच खोके शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरासमोर आहे. मार्चपासून त्यांची खिडकी बंद असते. डासांमुळे असेल, असे मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी परतल्यावर त्यांची कडी वाजवली.

"काय हो गुरुजी?"

"थोडं विरजण मिळेल का?" मी म्हणालो.