माहीमच्या गोष्टीतले पाणी

रेवसच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरणारे आमच्यातले कितीतरी जण मुंबईची कामे आटोपून माहीमला मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यावर जाऊन येतात. त्यांची एक गोष्ट आमच्या घराघरांत पाठ आहे. रात्री आईने पाणी मागितले. लहानगा अली भांडे भरून आणतो तोवर तिचा डोळा लागला. तिला उठवायचे कसे, आणि आपण झोपायचे तरी कसे? मुलगा पहाटेपर्यंत भांडे घेऊन उशाशी उभा राहिला. जाग आल्यावर आईने दुआ दिली. त्या दुआनेच तो वली झाला, असे आम्ही मानत आलो.

अडचण अशी की हीच गोष्ट बायझीद बिस्तामींचीही सांगतात. बायझीद नवव्या शतकातले, इराणचे. फरीदुद्दीन अत्तारांच्या सूफी चरित्रसंग्रहात ती आहे. मखदूमसाहेबांचा काळ मात्र १३७२ ते १४३१. बिस्तामच्या गोष्टीत रात्र थंडीची आहे. माहीमला येईतो ती थंडी गळून गेली. कोकणात ती कोणाला पटली असती? पण मखदूमसाहेब कुराणाचे भाष्यकार, इब्न अरबींच्या विचाराचे जाणकार, शब्द तोलून लिहिणारे. अशा माणसाच्या नावावर दुसऱ्याची गोष्ट सांगणे हा सवाब की खोटेपणा?

विरक्तांच्या जगात हा प्रश्न जुनाच आहे, कारण तिथे शिकवण गोष्टींतूनच दिली जाई. जर्मनीतल्या हाइस्टरबाख मठातल्या सीझेरियसने १२२० च्या सुमारास साधू आणि नवशिक्या यांच्या संवादातून शेकडो चमत्कारकथा लिहिल्या. आपण एकही रचलेली नाही, चूक असेल तर सांगणाऱ्याची, असे त्याने आधीच बजावून ठेवले. सोयीचा मार्ग! आम्हांला आपला म्हाइंभट जवळचा वाटतो. १२७८ च्या सुमारास त्याने चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या स्त्रीपुरुषांना गाठून आठवणी गोळा केल्या. भिक्षेवर राहणाऱ्या या महानुभावांत बायाही संन्यासिनी होत्या, महदाइसेसारख्या स्वामींना प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या. लीळाचरित्रात सांगणाऱ्यांचे जिथे जुळले नाही, तिथे वेगळा पाठही नोंदवलेला सापडतो.

दिल्लीत हजरत निजामुद्दीन तर याहून कडक. त्यांच्या मजलिशीतले बोलणे अमीर हसन सिजझी १३०८ पासून टिपून ठेवू लागले. ती टिपणे शेखसाहेबांनी स्वतः पाहिली, सुटलेल्या जागा भरून दिल्या. अवधमध्ये आपल्या नावाचे एक पुस्तक कोणी दाखवतो आहे हे कानावर आले, तेव्हा आपण पुस्तक लिहिलेलेच नाही असे त्यांनी साफ सांगितले. मुरीद खूश होतील म्हणून गप्प राहिले नाहीत. हेच अमीर हसन पुढे दौलताबादला आले. त्यांची कबर खुलदाबादेत आहे. म्हणजे ही शिस्त आपल्याच मातीत येऊन निजली आहे, आणि आम्ही मात्र उरुसात ऐकलेली कोणतीही करामत बेधडक पुढे ढकलतो.

मग पाण्याची गोष्ट सोडून द्यायची? आमचे मन तसे म्हणत नाही. वली पाण्यावरून चालत गेला, हे ऐकून ऐकणाऱ्याला काही करावे लागत नाही. मान डोलावली की झाले. पाण्याचे भांडे मात्र ऐकणाऱ्याच्या हातात येते. मखदूमसाहेबांचा मोठेपणा सिद्ध करायला ही गोष्ट वापरली तर ती उसनी ठरते. आईशी कसे वागावे हे सांगायला वापरली, तर ती बायझीदचीही आहे हे मोकळेपणाने सांगण्यात काय बिघडते? दोन्ही नावे सांगावीत. मुलांना ते कळते.

त्यांना कळू नये असे आम्हांला वाटते ते वेगळेच असावे. रेवसमागच्या खारेपाटात खाडीचे पाणी बांधापर्यंत, आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी बायका हंडे लावून ताटकळतात. आईसाठी रात्रभर पाणी धरणाऱ्या मुलाची गोष्ट आम्ही मुलग्यांना मोठ्या कौतुकाने सांगतो. सांगता सांगता घसा सुकला की आवाज आत सुनेला किंवा मुलीला देतो. तो हंडा ज्या बाईने डोक्यावरून आणलेला असतो, तिला रात्री तहान लागली तर कोण उठतो, हे एकदा त्याच मुलग्यांना विचारून पाहावे.