ओले धान्य वर ठेवा



मदीनेच्या बाजारातील एक प्रसंग आपण अनेकदा ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे होते, आतले भिजलेले. विचारणा केल्यावर व्यापाऱ्याने पाऊस लागल्याचे सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि जो फसवतो त्याचे आपल्याशी नाते नाही, असेही बजावले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आली आहे.

या व्यापाऱ्याने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. त्याला कोणी विचारले नव्हते, म्हणून त्याने सांगितले नव्हते. विचारल्यावर तर त्याने खरेच सांगितले. तरीही त्याची गणना फसवणाऱ्यांत झाली. येथून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. न विचारलेला दोष न सांगणे, हीदेखील फसवणूक आहे काय? की ग्राहकाने विचारले नाही हा ग्राहकाचाच दोष?

राशीच्या जागी मोटार

आज हा प्रश्न धान्याच्या बाजारापेक्षा जुन्या मोटारींच्या बाजारात अधिक तीव्रतेने भेटतो. कुंडलिकेच्या काठावरील अष्टमी-रोह्यापासून महाड-चिपळूणपर्यंत कोकणातील अनेक मुस्लिम घरांतील तरुण आखाती देशांत नोकरी करतात. त्यांपैकी काहींना वेगवान मोटारींचा शौक असतो. नवी मस्टँग किंवा पोर्श परवडत नाही; पण पाच-सात वर्षे वापरलेली गाडी दुबई-शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ किमतीच्या काही अंशाने मिळते. मायदेशी परतलेले तरुण तशीच एखादी ऑडी किंवा बीएमडब्ल्यू मुंबई-पुण्याच्या स्वतंत्र विक्रेत्याकडे शोधतात. हा विक्रेता कंपनीचा अधिकृत नसतो. त्याच्या शब्दामागे कंपनीची हमी नसते. असते ती फक्त त्याची स्वतःची सचोटी. म्हणूनच त्याच्या मौनाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत असा पाऊस कोसळला की दुबईचे महामार्ग तलाव झाले. प्रत्येक वेळी असंख्य मोटारी बुडाल्या. त्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नाहीत. बुडालेली गाडी धुतली जाते, वाळवली जाते, तिच्या आसनांना नवे आवरण चढते आणि ती दुसऱ्या गावात चकचकीत होऊन उभी राहते. आतली ओल मात्र तारांच्या जोडांत शिल्लक असते. गंज हळूहळू चढतो आणि काही महिन्यांनी ब्रेकची किंवा एअरबॅगची यंत्रणा ऐनवेळी दगा देते. राशीचे स्वरूप बदलले. भिजलेले आत आणि कोरडे वर, ही मांडणी तीच राहिली.

वेगवान गाडीच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. साध्या गाडीचा दोष बाजारपेठेतून चक्कर मारतानाच कळतो. वेगवान गाडीचा दोष ती वेगात जाईपर्यंत झोपलेला असतो. ब्रेकच्या तबकडीला गेलेला तडा, जुनाट होऊन कडक पडलेले टायर, अधिक ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकात केलेला फेरफार, अपघातानंतर सरळ केलेला सांगाडा, यांपैकी काहीही ताशी ४० किलोमीटरला जाणवत नाही. जाणवते तेव्हा गाडी महामार्गावर असते आणि आत कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो.

कायद्यातील घोडा

आपल्या देशाच्या कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या १७व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. केवळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे, असे तत्त्व तेथे सांगून पुढे एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही फसवणूक नाही. मात्र लगेच दुसरे उदाहरण येते. घेणारी व्यक्ती विकणाऱ्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे खोट सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो की, तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. आता मात्र विक्रेत्याचे मौन बोलण्यासारखेच मानले जाते.

ही उदाहरणे नीट पाहावीत. परक्यासमोर मौन चालेल, पण पोटच्या मुलीसमोर चालणार नाही, हे कायदादेखील जाणतो. मौनात काहीतरी अनुचित आहे याची ही कबुलीच होय. कायद्याला सर्वांसाठी पाळता येईल अशी किमान मर्यादा आखायची असते. ती त्याने आखली. धर्माचे काम त्या मर्यादेच्या पुढे सुरू होते.

जरीर (र.) यांचा घोडा

त्या पुढच्या भागातही आपल्याला एक घोडाच भेटतो. ह. जरीर बिन अब्दुल्लाह (र.) यांनी आपल्या माणसाला घोडा खरेदी करण्यास पाठवले. तीनशे दिरहमला सौदा ठरला. जरीर (र.) यांनी घोडा पाहिला आणि ते मालकाला म्हणाले की, तुझा घोडा याहून मोलाचा आहे, चारशेला देशील काय? असे करत करत त्यांनी स्वतःच किंमत वाढवत नेली आणि आठशे दिरहम मोजले. विस्मित झालेल्यांना त्यांनी कारण सांगितले. प्रेषितांच्या (स.) हाती बैअत करताना त्यांनी नमाज आणि जकात यांच्या बरोबरीने प्रत्येक मुस्लिमाशी 'नुस्ह' राखण्याचे वचन दिले होते. नुस्ह म्हणजे निखळ हितचिंतन. ज्याला आपण नसीहत म्हणतो, त्याचेच मूळ.

कायद्याने जे कर्तव्य मुलीच्या नात्यापुरते ठेवले, ते नसीहतीने बाजारात समोर येणाऱ्या प्रत्येकापर्यंत नेले. राशीच्या हदीसमध्येही भिजलेले धान्य 'लोकांना' दिसावे असे म्हटले आहे. त्या लोकांत धर्माचा, जातीचा, गावाचा भेद केलेला नाही. रोह्याच्या बाजारपेठेत आपल्याकडून गाडी घेणारा हिंदू शेजारी असो की दूरचा अनोळखी मनुष्य, त्याच्याशी आपले वागणे हीच आपल्या दीनची ओळख असते.

जरीर (र.) यांचा प्रसंग घेणाऱ्यालाही बांधतो. समजा, आखातात असलेला मुलगा वारला आणि त्याच्या वृद्ध आईला अंगणातील गाडीची किंमत ठाऊक नाही. अशा आईकडून कवडीमोलाने गाडी उचलणाऱ्या दलालाने कोणता कायदा मोडला, हे सांगणे अवघड आहे. त्याने काय मोडले, हे जरीर (र.) यांच्या घोड्याकडे पाहून कळते.

'आम्ही फक्त मध्यस्थ'

अनेक विक्रेते म्हणतात की गाडी आमची नव्हे, आम्ही फक्त दाखवतो. या सबबीचे उत्तरही आपल्या परंपरेत आहे. ह. वासिला बिन अल-असकअ (र.) यांच्या समोर एका मनुष्याने तीनशे दिरहमला उंटीण विकत घेतली. तो निघून गेला, तेव्हा वासिला (र.) त्याच्या मागे धावले आणि त्यांनी विचारले की, उंटीण मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी? तो म्हणाला, प्रवासासाठी. तेव्हा त्यांनी सांगितले की तिच्या पायाच्या तळव्याला छिद्र आहे, ती लांबचा पल्ला सलग चालू शकणार नाही. ग्राहक परत आला आणि विक्रेत्याला शंभर दिरहम कमी करावे लागले. विक्रेता चिडला, पण वासिला (र.) यांनीही त्याच नसीहतीच्या वचनाचा दाखला दिला.

वासिला (र.) या सौद्यात ना मालक होते ना दलाल. तरीही जे ठाऊक आहे ते सांगणे त्यांना आपले कर्तव्य वाटले. मग जो प्रत्यक्ष दलाली घेतो, किंवा ज्या गॅरेजमधील मिस्त्रीने स्वतःच्या हातांनी तो सांगाडा सरळ केला आहे, त्याचे कर्तव्य किती मोठे! त्यांचा प्रश्नही मार्मिक आहे. तळव्याचे छिद्र मांसासाठी घेतलेल्या उंटिणीत दोष नाही. प्रवासासाठी घेतलेल्या उंटिणीत मोठा दोष आहे. कमकुवत ब्रेकची गाडी सुट्या भागांसाठी घेणाऱ्याला चालेल, वेगासाठी घेणाऱ्याला नाही. म्हणून विक्रेत्याने गाडी कशासाठी हवी हे आधी विचारावे.

'जशी आहे तशी'

'गाडी जशी आहे तशी घ्या, नंतर तक्रार चालणार नाही', अशी अट या बाजारात सर्रास घातली जाते. मुवत्तामध्ये एक निवाडा आहे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांनी, त्या काळी गुलामांची विक्री होत असे, एक गुलाम आठशे दिरहमला दोषांची जबाबदारी न घेण्याच्या अटीवर विकला. ग्राहकाने नंतर न सांगितलेल्या आजाराची तक्रार केली. खलीफा ह. उस्मान (र.) यांनी निर्णय दिला की, विकताना आजार ठाऊक नव्हता अशी शपथ घ्यावी. इब्न उमर (र.) यांनी शपथ घेणे टाळले आणि सौदा परत घेतला. पुढे तो गुलाम बरा झाला व पंधराशे दिरहमला विकला गेला. अटीचा प्रश्न शेवटी एका गोष्टीपाशी आला: तुम्हाला ठाऊक होते काय?

कोकणातील बहुतेक मुस्लिम शाफई फिकह मानतात. त्यानुसार अशा अटीने विक्रेता केवळ जनावराच्या, त्याला स्वतःलाही ठाऊक नसलेल्या आंतरिक दोषापुरताच मुक्त होतो. मोटार जनावर नव्हे. म्हणून येथे त्या अटीचा आधार राहत नाही. हनफी फिकहमध्ये ग्राहकाने मान्य केलेली अट सौद्याला बांधते. परंतु जाणूनबुजून दोष झाकण्याचे पाप त्याने धुतले जात नाही. पूर्वीचा दोष नंतर उघड झाल्यास ग्राहकाला माल परत करण्याचा हक्क आहे, त्याला 'खियारे ऐब' म्हणतात. मात्र शाफई मतानुसार दोष कळताच विलंब न लावता तो हक्क बजावावा लागतो. दोष कळूनही गाडी मजेत फिरवत राहिलेल्या ग्राहकाचा हा हक्क निसटतो.

घेणाऱ्यानेही हात घालावा

प्रेषितांनी (स.) राशीत हात घालून पाहिले, यातही आपल्यासाठी बोध आहे. तपासणे म्हणजे संशय घेणे नव्हे. गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेटवर हात ठेवा. तुम्ही येण्याआधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर थंड इंजिनाचा आवाज लपवला गेला असू शकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, जादा चाकाच्या खळग्यात बोट फिरवा; पुराचा गाळ तेथे राहतो. टायरवरील चार आकडे वाचा. ३२१९ याचा अर्थ तो २०१९च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहा. आपल्या खर्चाने आपला मिस्त्री न्या. भारतात गाडी घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार विक्रेत्याकडे परिवहन विभागाचे अधिकारपत्र आहे काय, गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय, हे पाहून घ्या. आणि गाडी कधी पाण्यात बुडाली होती काय, अपघात झाला होता काय, हे स्पष्ट विचारून उत्तर कागदावर घ्या. एकदा प्रश्न विचारला की कायद्यातही मौनाला आसरा उरत नाही.

'दुसरे गिऱ्हाईक पैसे घेऊन उभे आहे' असे सांगून कोणी घाई करू लागला, तर थांबा. खोटे गिऱ्हाईक उभे करून भाव वाढवण्यास 'नजश' म्हणतात आणि प्रेषितांनी (स.) त्याची मनाई केली आहे.

आणि मुळात आपला हात आपल्या मनाच्या राशीतही घालावा. चांगल्या वाहनाची आवड निषिद्ध नाही. सहाबांनाही उमदे घोडे प्रिय होते. पण त्यासाठी व्याजाचे कर्ज काढावे लागत असेल, घरची गरज मागे पडत असेल, किंवा सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्यांचे प्राण धोक्यात घालून शौक पुरवायचा असेल, तर आवडीचे रूपांतर इस्राफ आणि जुलूम यांत झालेले असते.

मग धंदा कसा चालेल?

प्रामाणिक विक्रेत्याची ही खरी अडचण आहे. शेजारचा दोष झाकतो आणि त्याची गाडी आधी जाते. पण पुन्हा त्या राशीकडे पाहा. प्रेषितांनी (स.) भिजलेले धान्य विकू नकोस असे म्हटले नाही, ते वर ठेव, असे सुचवले. भिजलेल्या धान्यालाही ग्राहक असतो आणि त्याची किंमत असते. पुरातून निघालेली गाडीही तिचा इतिहास सांगून, तिच्या लायकीच्या किमतीला आणि योग्य कामासाठी विकता येते. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत ह. हकीम बिन हिजाम (र.) यांची हदीस आहे. तिचा आशय असा की घेणारा आणि देणारा खरे बोलले व त्यांनी दोष उघड केले, तर त्यांच्या सौद्यात बरकत येते. लपवले आणि खोटे बोलले, तर ती पुसली जाते. झाकून मिळवलेला अधिकचा पैसा खिशात दिसतो, म्हणून तो नफा वाटतो. त्याच गाडीत बसलेल्या मुलाची वाट पाहणारी आई त्या हिशेबात कोठेच नसते. अल्लाहच्या हिशेबात ती असेल.

जुनी गाडी विकायला काढाल तेव्हा एक कोरा कागद घ्या, ठाऊक असलेले सर्व दोष त्यावर लिहा आणि किंमत सांगण्याआधी तो ग्राहकाच्या हाती द्या.

अल्लाह आपणा सर्वांना देण्याघेण्यात खरे बोलण्याचे धैर्य देवो आणि आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.