गंज आणि ओरखडे

आमच्या फैजपूरच्या घरामागील गोठ्यात एक जावा मोटारसायकल चाळीसहून अधिक वर्षे उभी होती. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून निघू लागलेल्या गाड्यांपैकी ती एक. किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच असलेली. पुढे तिच्या धाकट्या बहिणी येझदी नावाने रस्त्यावर आल्या, १९९६ मध्ये तो कारखानाही बंद पडला. आमची मात्र त्याच्या पुष्कळ आधी बंद पडली होती. निवृत्त झाल्यावर कुणी तीर्थयात्रेला जातात, कुणी आत्मचरित्र लिहितात. मी इंजिन उतरवले.

गंज काढणे हे वाटते तितके बिनडोक काम नाही. लोखंडाला गंज 'चढतो' असे आपण म्हणतो, जणू तो बाहेरून येऊन बसलेला पाहुणा! वस्तुतः तो लोखंडच असतो. हवापाण्याच्या संगतीने ते आपल्या मूळच्या खनिजरूपाकडे परतू लागलेले असते. म्हणून घासणाऱ्याला सारखे विचारावे लागते, की मी घाण काढतो आहे की वस्तूच काढतो आहे? ॲल्युमिनियमची तऱ्हा निराळी. त्याच्यावर हवेने एक अतिशय पातळ थर धरतो आणि तोच पुढे त्याला राखतो. लोखंडाचा गंज मात्र पोपडे होऊन सुटतो आणि आतले नवे लोखंड उघडे पाडतो.

लोखंडी भागांसाठी मी अंगणात प्लास्टिकची बादली मांडली. (हे काम उघड्यावरच करावे, बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो.) पाण्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरीच्या चार्जरची दोन टोके : ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक एका भंगार पत्र्याला. रात्रभरात गंज काळा पडून सैल होतो, ब्रशने निघतो, आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. सकाळी पत्रा पाहिला तर तो कुरतडल्यासारखा झालेला. एकाचा गंज उतरण्यासाठी दुसऱ्याने झिजायचे, असा हा व्यवहार. त्या पत्र्याकडे पाहताना मला उगाच अस्वस्थ वाटले. उगाच नव्हे, हे पुढे कळले.

पिस्टन सिलिंडरात घट्ट बसला होता. आठ दिवस डिझेल ओतत राहिलो, मग लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले, तेव्हा तो सुटला. त्याच्या अंगावर उभे खोल ओरखडे होते आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीला ॲल्युमिनियमचे चंदेरी डाग चिकटलेले. तो गंज नव्हता. या इंजिनाला तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते; वीस-पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल. तेल नसेल तर पिस्टन तापतो, फुगतो, भिंतीला घासतो आणि अखेर तिलाच चिकटून बसतो.

१९७९ साली मी तेरा वर्षांचा होतो. दादाने मला कॅन आणि पैसे देऊन पेट्रोल आणि तेल आणायला पाठवले. पेट्रोल मी आणले. तेलाच्या पैशांचा त्या रात्री टुरिंग टॉकीजमध्ये सिनेमा पाहिला. दुसऱ्या दिवशी यावलच्या रस्त्यावर गाडी जाम झाली. नानांनी ठरवले, की दादाने तेल घातलेच नाही. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले. गाडी गोठ्यात गेली, दादा सायकलवर आला. 'हा बेफिकीर आहे' हे नानांचे मत मात्र शेवटपर्यंत बदलले नाही. मळ्याचा हिशेब त्यांनी कधी दादाच्या हाती दिला नाही. माझ्या हाती दिला.

१९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आमच्या गावी झाले. ती आठवण गावाने घासूनपुसून लखलखीत ठेवली आहे. घरातल्या काही आठवणी आपण गोठ्यात ठेवतो आणि काळ जाऊ देतो. काळ सगळे खाऊन टाकतो अशी आपली समजूत असते. इथे तर काळाने ते ओरखडे डिझेल-काजळीखाली जपून ठेवले होते!

आता प्रश्न असा आहे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, लोखंडाला खात नाही. म्हणून तो इंजिनाच्या केसिंगला चुकूनही लावायचा नसतो. पण सिलिंडरच्या भिंतीवरचे ते चंदेरी डाग तो सहज साफ करील. मग भुसावळला नेऊन रीबोअर केले, नवा पिस्टन घातला, की ओरखडेही गेले. यात खोटे असे काही नाही. गाडी चालवायची तर हे करावेच लागेल. दुरुस्ती आणि पुरावा नष्ट करणे ही दोन्ही कामे इथे एकाच हाताने, एकाच दिवशी होतात. फरक एवढाच, की ते कुणी पाहण्याआधी होते की पाहिल्यानंतर.

माझ्यातला वकील म्हणतो : नाना गेले, दादा सत्तरीला टेकला, आता हे उकरून कुणाचे भले होणार? ॲल्युमिनियमच्या थरासारखे काही मौन राखणारेही असते. मला हा दाखला आवडला होता. पण राखले कुणाला, असे विचारले की तो टिकत नाही. माझे मौन माझ्यावर होते आणि झिजला दादा.

सिलिंडर मी तसाच ठेवला आहे. पिस्टन ओसरीवर जुन्या वर्तमानपत्रावर आहे, ओरखड्यांची बाजू वर करून. दादा दिवाळीला येतो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा बहुधा तो घरी असेल. त्याच्याआधी हे आपल्याला सांगून टाकले, यातही माझी थोडी लबाडी आहे. त्याला मोटारसायकलीतले सारे कळते. पिस्टन हातात घेऊन तो नखाने ओरखडा चाचपून पाहील आणि विचारील. त्यापूर्वी मी बोललो तर बरे.