रंगाखालचे ठिगळ

जुन्या वस्तूची डागडुजी करणे चांगले, याविषयी आपणांपैकी कोणाचे दुमत नसेल. परंतु डागडुजी कोठे संपते आणि झाकपाक कोठे सुरू होते, हा प्रश्न तितका सोपा नाही. गेल्या उन्हाळ्यात बेळगावी आमच्या अंगणात एका जुन्या मोटारीच्या बैठका नीट करताना तो माझ्यापुढे उभा राहिला.

मोटार माझ्या सासऱ्यांची, विलायती बनावटीची. आपल्याकडील अ‍ॅम्बॅसडर व फियाट गाड्यांच्या बैठकांना बहुधा रेक्झिन असे. हिच्या बैठका खऱ्या कातड्याच्या. चढता-उतरता घासून दाराकडील कडेचा रंग उडाला होता. पाठीवर भेगांचे जाळे होते आणि बसण्याच्या जागी बोटभर चीर. गाडी विकायची होती. पुतण्या म्हणाला, "काका, सगळे भरून काढा आणि वरून रंग मारा. गिऱ्हाईक काय गादी फाडून बघणार आहे?"

मला त्याचा राग आला नाही, कारण भरणे आणि रंगवणे हेच काम मीही करणार होतो.

प्रथम सौम्य साबणाच्या फेसाने, मऊ ब्रशने बैठक स्वच्छ करून सावलीत वाळवायची. कडक उन्हात ओले कातडे आकसते. पुष्कळजण येथे तेल चोळतात. परंतु मोटारीच्या कातड्यावर बहुधा रंगाचा पातळ थर असतो. तो शाबूत असेल तेथे तेल आत जात नाही, वरच चिकट राहते आणि मग नवा रंगही धरत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहावा : तो तसाच राहिला तर थर शाबूत, जिरून डाग काळपट झाला तर थर गेला. अशा जागी ६०० नंबरच्या पॉलिश कागदाने हलके घासावे, स्पिरिटाने पुसावे, भेगांत लवचीक भरण थोडे थोडे भरावे व स्पंजाने रंगाचे पातळ हात द्यावेत. एक हात वाळल्यावाचून दुसरा देऊ नये.

चिरेचे मात्र निराळे. नुसत्या भरणाने ती त्या दिवशी दिसेनाशी होते. पण माणूस बसला की कातडे ताणते आणि ती लवकरच पुन्हा उघडते. यासाठी चिरेतून कापडाचे ठिगळ आत सरकवून, सपाट पसरून, दोन्ही कडा त्याला चिकटवाव्या लागतात. हे ठिगळ कोणाला दिसत नाही, पण ताण तेच सोसते. मी ते लावले, वर भरण घातले, रंग दिला. संध्याकाळी चीर कोठे होती ते मलाच शोधावे लागले.

आता घेणाऱ्याला हे सांगावे काय? कोणी म्हणेल, झाकणे हीच फसवणूक. पण नव्या कातड्याचे तरी काय असते? जनावराच्या अंगावरचे काट्यांचे ओरखडे व गोचिडांचे डाग कारखान्यात घासून काढतात, वर दाब देऊन रवा उमटवतात आणि रंग चढवतात. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. म्हणजे दोष केवळ झाकण्यात नाही.

आपल्या १८७२च्या करार कायद्याच्या १७व्या कलमात एक उदाहरण आहे. एकजण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. त्याच कलमात जाणूनबुजून दडवणे ही फसवणूक म्हटली आहे. मी तर हातात स्पंज घेऊन बसलो होतो! आणि तेही सोडले, तरी मुलीला जे सांगावे ते परक्याला सांगू नये, हे मनाला पटेना.

गिऱ्हाईक आले. मी मोठ्या उत्साहाने चिरेची जागा दाखवली, आतले ठिगळ समजावून सांगितले. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले व मान डोलावली. मला धन्य वाटले. मग ध्यानात आले की, मी पाठीविषयी एक शब्दही बोललो नव्हतो. तेथील कातडे वर्षानुवर्षे उन्हाने तापून ठिसूळ झाले होते. त्याची गेलेली ताकद रंगाने परत येत नाही. भेगा पुन्हा येणार हे मला ठाऊक होते. जो दोष मी उत्तम सुधारला होता तो सांगणे म्हणजे माझ्या हाताची स्तुतीच होती. जो सुधारता आला नव्हता, त्यावर मी रंगाबरोबर मौनाचाही एक हात दिला होता.

मी पाठीचेही सांगितले. त्यांनी किंमत उतरवली, आणि ती उतरवणे रास्तच होते. पुतण्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वाचकहो, आपले दोष आपण कबूल करतो तेव्हा त्यांत ठिगळ लावलेले किती असतात आणि नुसते रंगवलेले किती, हे एकदा दाबून पाहण्याजोगे आहे. मला त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या अंगठ्याआधी स्वतःचा अंगठा लावता आला असता.