डिस्चार्ज कार्डात नसलेला विषय

मज्जारज्जूला मार लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या माणसाला घरी सोडताना बरंच शिकवतात. कॅथेटर कसा घालायचा, बेडसोर होऊ नयेत म्हणून कूस कधी बदलायची, व्हीलचेअरवरून पलंगावर कसं सरकायचं. शरीरसंबंधांचा विषय मात्र बहुधा निघत नाही. रुग्ण विचारेल म्हणून डॉक्टर थांबतात आणि आई उशाशी बसलेली असल्यामुळे रुग्ण गप्प राहतो.

या गप्प बसण्याला आपण सभ्यता समजतो. खरं तर उपचार अर्धवट सोडल्याची ती खूण आहे.

अमेरिकेतल्या किम अँडरसन या संशोधक स्वतः मज्जारज्जूची दुखापत घेऊन जगतात. कोणती क्षमता परत आली तर आयुष्य सर्वाधिक सुधारेल, असं त्यांनी ६८१ जणांना विचारलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हातपाय चारही गमावलेल्यांनी आधी हात मागितले. पण ज्यांचे हात शाबूत होते, त्यांच्या उत्तरांत लैंगिक क्षमता सर्वांत वर होती. चालणं तिच्या बरंच खाली.

आणि इथे करण्यासारखं पुष्कळ आहे. पुरुषाच्या लिंगाला ताठरता दोन मार्गांनी येते. मनातल्या इच्छेचा संदेश मेंदूकडून मज्जारज्जूतून खाली उतरतो. स्पर्शाची प्रतिक्रिया मात्र मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकातूनच, मेंदूपर्यंत न जाता, उमटते. म्हणून दुखापत वर असेल तर पहिला मार्ग तुटला तरी दुसरा बहुधा टिकतो. १९९८ पासून बाजारात असलेल्या सिल्डेनाफिलचा यातल्या अनेकांना उपयोग होतो. वीर्यस्खलन अवघड होतं हे खरं, पण कंपन देणाऱ्या उपकरणाने किंवा विद्युत उत्तेजनाने वीर्य मिळवून मूल होऊ शकतं. दुखापत छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा तिच्याही वर असेल, तर अशा उत्तेजनाने रक्तदाब एकाएकी धोकादायक चढू शकतो. तो उतरवायला कधी नायट्रेट देतात, आणि सिल्डेनाफिल घेतलेल्याला नायट्रेट दिलं तर जिवावर बेतू शकतं. हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, तो मेडिकलमधून गुपचूप गोळी आणणार.

स्त्रियांच्या बाबतीत तर शांतता आणखी गडद. दुखापतीनंतर अनेकींची पाळी काही महिने थांबते, मग बहुतेकींची पूर्ववत सुरू होते. गर्भ राहण्याची क्षमताही जवळपास तशीच असते. म्हणजे गर्भनिरोधनाचा सल्ला तिलाही हवा, बाळंतपणाचाही. वरच्या दुखापतीत कळा जाणवतीलच असं नाही. आणि सुखाचं काय? बॅरी कोमिसारुक आणि बेव्हर्ली व्हिपल यांनी मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या काही स्त्रियांमध्येही परमोच्च सुखाचा अनुभव नोंदवला. मज्जारज्जूला वळसा घालून थेट मेंदूत जाणारी व्हेगस ही नस तो संदेश पोचवत असावी, असं त्यांच्या मेंदूचित्रणातून दिसलं. कमरेखाली काही कळत नाही, म्हणजे तिला आता कशाची गरज नाही, असं धरून चालणाऱ्या प्रत्येक घराने आणि डॉक्टराने हे वाचायला हवं.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख करतो. पण वॉर्डात ती सेवा सुरू व्हायला कुणीतरी आधी तोंड उघडावं लागतं, आणि ते काम रुग्णावर टाकू नये. डॉक्टरांनी घरी सोडण्यापूर्वी नातेवाइकांना बाहेर थांबवून एकदा रुग्णाशी आणि त्याची तयारी असेल तर जोडीदाराशी बोलावं. जोडीदार नसलेल्या तरुण मुलीशीही.