नित्यविधी आणि नित्यस्मरण : प्राचीन रोमच्या गृहदेवतोपासनेचा विचार

नैमित्तिक विधी पाळणे त्यामानाने सोपे असते. यात्रा भरते, पर्वकाळ येतो, संतमहंतांचे दर्शन घडते, आणि समुदायाच्या ओघात मंद श्रद्धेच्या माणसाचेही पाऊल पुढे पडते. नित्यविधीचे तसे नाही. पहाटे उठून एकट्याने करावयाच्या पूजेला व स्मरणाला कोणी साक्षी नसतो. चुकले तर कोणी विचारीत नाही, न चुकले तरी कोणी वाखाणीत नाही. साधकाच्या अंतःकरणाची पारख म्हणून नित्यातच होते. सद्भक्तहो, ही अडचण केवळ परमार्गीयांच्याच वाट्याला आली आहे असे नव्हे. ज्यांच्यापर्यंत ब्रह्मविद्येचा शब्दही पोचला नव्हता, अशा दूरदेशीच्या देवतोपासकांपुढेही ती उभी होती. त्यांनी तिचा निर्वाह कसा केला आणि ते कोठे अडकले, हे पाहिले असता 'नित्य' या शब्दाचा अर्थ अधिक उकलतो. येथे प्राचीन रोमन लोकांच्या गृहोपासनेचा विचार करावयाचा आहे.

या लोकांना युरोपात 'पेगन' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द 'पागानुस'. 'पागुस' म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख आणि तेथील रहिवासी तो पागानुस. ख्रिस्ती धर्मास राजाश्रय मिळाल्यावर, चौथ्या शतकात, जुन्या देवांना भजणाऱ्यांस हा शब्द सरसकट लावला जाऊ लागला. अर्थाचा हा पालट नेमका कसा झाला याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. निश्चित एवढेच की ते नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हते, दुसऱ्यांनी दिलेले होते. परक्याने दिलेल्या नावाचे शल्य या पंथाला वेगळे सांगावयास नको. 'मानभावी' हा शब्द मराठीत कोणत्या अर्थाने रुळला, ते सर्वविदितच आहे.

रोमन घरात चूल हे देवतेचे स्थान मानीत. अग्नीची अधिष्ठात्री ती व्हेस्ता, घराचा व कुळाचा रक्षक तो लार, कोठीतील धान्याच्या देवता त्या पेनातेस, आणि गृहस्वामीच्या जन्मापासून त्याच्या समवेत असणारी देवता ती गेनियस. यांच्यासाठी भिंतीत कोनाडा अथवा लहानसे देवघर असे. त्याला आज लारारियम म्हणतात. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात अशी कित्येक देवघरे उत्खननात सापडली आहेत. तेथील व्हेत्ती यांच्या वाड्यातील चित्र प्रसिद्ध आहे. मध्ये वस्त्राने मस्तक झाकलेला गेनियस, दोन्ही बाजूंस नाचणारे दोन लार, आणि खाली नैवेद्याकडे सरपटत येणारा नाग. जेवणाच्या वेळी पानातील अंश काढून अग्नीत टाकीत. मुलगा वयात आला की गळ्यातील ताईत लारापुढे ठेवी. नववधू पतीच्या घरच्या लाराला नाणे अर्पण करी. सुखदुःखाचा कोणताही प्रसंग त्या कोनाड्याला वगळून होत नसे. आपल्याकडील देवघरे ज्याने पाहिली आहेत त्याला यात परके असे फारसे वाटणार नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. केटो (इ. स. पू. २३४–१४९) याने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात शेतावरील कारभारणीची कर्तव्ये सांगितली आहेत. महिन्याच्या ठरावीक तीन दिवशी व सणावारी तिने चुलीवर माळ घालावी आणि घरच्या लाराची यथाशक्ती प्रार्थना करावी. परंतु धन्याच्या आज्ञेवाचून स्वतः होऊन कोणतेही यजन करू नये, कारण सगळ्या घराच्या वतीने यजन धनीच करतो. विधी घराचा आहे, जीवाचा नाही. एकाच्या स्मरणाने दुसऱ्याचा उद्धार होत असता, तर गुरुमुखातून ज्ञान घेण्याचे प्रयोजन प्रत्येकास उरले नसते.

या उपासनेतील भाव कोणता होता? प्लाउटस या नाटककाराच्या एका प्रहसनाचा आरंभ प्रत्यक्ष लारच करतो. एका कृपणाच्या घरी पिढीजात सोने पुरलेले आहे. घरातील पुरुषांनी लाराची उपेक्षा केली. एक मुलगी मात्र दररोज धूप, मद्य अथवा हाताशी येईल ते वाहते, माळा घालते. तिच्यावर प्रसन्न होऊन, तिचे लग्न सुकर व्हावे म्हणून लार ते सोने तिच्या पित्यास सापडू देतो. कथा गोड आहे आणि त्या मुलीची निष्ठाही खोटी नाही. पण देवतेजवळ देण्यासारखे जे होते तेच तिने दिले : पुरलेले सोने. श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी अन्य देवतांना भजणाऱ्यांविषयी जे निरूपण केले आहे, त्यात दोन्ही गोष्टी आहेत. त्यांच्या श्रद्धेचा उपहास नाही, उलट ती श्रद्धा भगवंतच दृढ करतात. आणि त्यांना मिळणारे फळ मात्र अंतवंत आहे, हेही स्पष्ट आहे. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर या चारींचा विवेक करताना पहिला भाग विसरला तर साधकात उद्धटपणा येतो; दुसरा विसरला तर विवेकच उरत नाही.

फळाच्या आशेने केलेल्या प्रार्थनेचे पुढे काय होते, हे त्याच रोममधील पर्सियस (इ. स. ३४–६२) या तरुण कवीने निर्दयपणे दाखविले आहे. सद्बुद्धी मिळो, असे लोक मोठ्याने म्हणतात. आणि ओठांतल्या ओठांत चुलता लवकर मरो, असे मागतात. देवाला मनुष्यासारखे लाचखाऊ समजून ते आतड्यांचा नैवेद्य पुढे करतात. शुद्ध चित्त आणता आले, तर मूठभर धान्यानेही देवकार्य होते, हे त्याचे म्हणणे. देवतोपासक समाजाच्या पोटातूनच हा आवाज उठावा, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे काळ पालटला. ८ नोव्हेंबर ३९२ रोजी सम्राट थिओडोशियसने काढलेल्या आज्ञेत मंदिरांतील बळीच नव्हे, तर घराच्या आतील उपासनाही निषिद्ध ठरली. अग्नीने लाराला, मद्याने गेनियसला आणि सुगंधाने पेनातेसना पूजू नये. दिवे लावू नयेत, धूप घालू नये, माळा टांगू नयेत, असे नाव घेऊन सांगितले होते. जेथे धूप जळाल्याचे सिद्ध होईल, ती जागा धूप घालणाऱ्याच्या मालकीची असल्यास सरकारजमा व्हावयाची. दुसऱ्याच्या जागेत कृत्य घडल्यास दंड पंचवीस पौंड सोने. राजाज्ञा कोनाड्यापर्यंत पोचली, कारण त्या उपासनेचे सारे सामर्थ्य वस्तूंत होते आणि वस्तू मोजता येतात, हुंगता येतात, जप्त करता येतात.

तरीही सर्व संपले नाही. पाचव्या शतकात अथेन्समध्ये प्रोक्लस (मृत्यू इ. स. ४८५) नावाचा तत्त्वज्ञ होता. त्याचा शिष्य मारिनस याने त्याचे चरित्र लिहिले आहे. प्रोक्लस सूर्याला उदयकाळी, मध्यान्ही व अस्तसमयी नित्य वंदन करी. पार्थेनॉन मंदिरातील अथेना देवीची मूर्ती हलविली गेली, तेव्हा त्याला स्वप्न पडले की नगराची स्वामिनी तुझ्या घरी राहावयास येऊ इच्छिते. राजाने ज्या देवतेला मंदिरात राहू दिले नाही, ती उपासकाच्या चित्तात बिऱ्हाड करू पाहत होती! तिच्या देवतात्वाविषयी परमार्गाचा निर्णय बदलत नाही. पण स्मरणाचे बळ काय असते, ते यातून कळते. आणि या पंथाला ते परके नाही. आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले गेले. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत हरपल्यावर स्वामींच्या लीळा स्मरणातूनच पुन्हा उभ्या केल्या गेल्या, असे परंपरा सांगते.

विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत या जुन्या उपासना पुन्हा आरंभण्याचे प्रयत्न झाले. इंग्लंडमध्ये १९५१ साली जुना चेटूकविरोधी कायदा रद्द झाल्यावर असे समूह उघडपणे पुढे आले. आइसलँडमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या एका संस्थेला पुढच्याच वर्षी राजमान्यता मिळाली. त्यांतील पुष्कळ जण कोणत्याही समूहाविना, घरीच, एकट्याने उपासना करतात : एक मेणबत्ती, ऋतुमानाप्रमाणे आठ सण, चंद्राच्या कलांकडे लक्ष. ही परंपरा अखंड चालत आलेली नसून बरीचशी नव्याने रचलेली आहे, असे इतिहासकारांनी दाखविले आहे. त्यात गुरुशिष्यपरंपरेचा अभाव आहे, हे उणे खरे. पण कोणी सक्ती न करता एकट्याने दररोज बसण्याची जी तळमळ आहे, तिच्याकडे परंपरेत जन्मलेल्या आळशाने जरा पाहावे.

वासनिकांकडून एक शंका वारंवार विचारली जाते. मुलगा नोकरीनिमित्त परप्रांती किंवा परदेशी एका खोलीत राहतो, विडा-अवसर होत नाही, विशेषवंदन घडत नाही; मग त्याचे नित्य तुटले काय? कोणी दीर्घ आजारात रुग्णालयात खिळून पडतो, त्याचे काय? या शंकेत खरी व्यथा असते, म्हणून तिला झटकून टाकू नये. आणि 'मनी भाव असला म्हणजे झाले' असे ढिले उत्तरही देऊ नये, कारण विधी शक्य असता तो टाकणाऱ्याचा भाव पाहता पाहता विरून जातो.

इथे पुन्हा पहिल्या-दुसऱ्या शतकातील रोमन काळाकडे वळावे लागते. सेनेका (मृत्यू इ. स. ६५) लिहितो की रात्री दिवा नेला गेला, आणि ही सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली, म्हणजे तो दिवसभरातील आपले बोलणे-वागणे सगळे तपासतो, काही लपवीत नाही. या विधीला कोनाडा नको, माळ नको. दिवा नसतानाच तो सुरू होतो. त्याची मर्यादाही तेथेच आहे : आरोपी तो, साक्षी तो, आणि क्षमा करणाराही तोच. परमार्गात अनुताप परमेश्वराच्या सन्निध नेऊन ठेवावयाचा असतो. जीव स्वतःला सोडवू शकत नाही. एपिक्टेटस मात्र या मर्यादेच्या काठापर्यंत आलेला दिसतो. तो गुलामीतून सुटलेला, पायाने पंगू. खणताना, नांगरताना, जेवताना देवाचे स्तवन करावे, आपल्यासारख्या लंगड्या म्हाताऱ्याला दुसरे काय करता येणार, असे तो शिष्यांना म्हणे. त्याचा देव विश्वात भरलेली बुद्धी. तो अवतार घेऊन जीवाला सन्निधान देत नाही, हे खरे. परंतु स्मरण कामाच्या मधोमध चालावे, हे त्याला उमगले होते.

याच एपिक्टेटसच्या घरी देवांजवळ एक लोखंडी दिवा होता. एके दिवशी आवाज झाला म्हणून तो खाली धावला, तो दिवा चोरीस गेलेला. त्याने देवांपुढे दिवा लावणे सोडले नाही आणि चोराला शिव्याही दिल्या नाहीत. उद्या मातीचा आणू, एवढेच म्हणाला. जे आपल्याजवळ असते तेच हरवते, असे त्याने शिष्यांना समजाविले.

पुढे लुशियन नावाच्या लेखकाने सांगितले आहे की, एपिक्टेटसचा तो मातीचा दिवा कोणा एकाने तीन हजार द्राखमांना विकत घेतला. रात्री त्याच्या उजेडात वाचले म्हणजे त्या वृद्धाचे ज्ञान आपोआप आपल्यात उतरेल, अशी त्याची समजूत होती.